१५ वर्षांची गाडी आणि कोकणातला पत्रा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं एक गाव. निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांची पत्नी आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. नावं, गाव आणि गाडीचं मॉडेल इथे दिलेलं नाही. गुरुजींनी डिसेंबर २००८ मध्ये १.१ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी हॅचबॅक नवी घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे ही गोष्ट सुरू होते तेव्हा, गाडी जेमतेम ६२,००० किलोमीटर चालली होती. बाजार, दवाखाना, महिन्यातून दोनदा चिपळूण, आणि दापोलीच्या बाजूला नातेवाईक असल्यामुळे अधूनमधून धोपाव्याहून दाभोळची फेरीबोट.

गुरुजींनी गाडीची आबाळ केली असं कोणी म्हणणार नाही. दर वर्षी ऑइल आणि फिल्टर बदललेले, प्रत्येक बिल वहीत चिकटवलेलं, दर रविवारी गाडी धुतलेली, दिवाळीआधी पॉलिश. गाडी अंगणात आंब्याच्या कलमाच्या सावलीला उभी असायची. पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री. बाहेरून पाहणारा तिचं वय आठ-नऊ वर्षांच्या वर सांगत नसे.

या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते इथेच. निगा भरपूर होती, पैसे आणि वेळ दोन्ही खर्च होत होते, आणि तरीही गाडी एका बाजूने मरत चालली होती. कोकणात समुद्राकाठी छोटी पेट्रोल गाडी इंजिनामुळे क्वचितच संपते. तिला संपवतो गंज. गुरुजींची सगळी निगा मात्र इंजिन आणि रंग यांच्या वाट्याला गेली होती.

अडचण

श्रावणात एके दिवशी बाजारातून येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि डाव्या बाजूला बसलेल्या काकूंना पायाखालची जमीन मऊ लागली. घरी येऊन मॅट उचललं तर खालचं कार्पेट ओलं, त्याखालचा फोम स्पंजासारखा भिजलेला, आणि फोमखालच्या पत्र्यावर तपकिरी पापुद्रे.

कार्पेट ओलं होण्याची ही पहिली वेळ नव्हती. वहीत दोन पावसाळ्यांपूर्वीची नोंद आहे: "गाडीत कुबट वास. मॅट उन्हात टाकले." पाणी येतं कुठून, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. ते येत होतं पुढच्या काचेखालून. वायपरच्या खाली जो खोलगट भाग असतो, त्याच्या कोपऱ्यांतून पाणी बाहेर जायला वाटा ठेवलेल्या असतात. कलमाचा पातेरा त्या वाटांत कुजून त्यांचा बोळा झाला होता. पाणी तुंबलं की ते केबिनच्या हवेच्या वाटेने आत उतरायचं आणि फोममध्ये जाऊन बसायचं. वरून मॅट कोरडं दिसायचं.

पत्रा किती जाड असतो हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. छोट्या गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. त्याला वरून ओला फोम आणि खालून खारी हवा. मीठ स्वतः हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि खारट पाण्यातून गंजण्याची क्रिया साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने चालते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा पत्रा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वाळतच नाही.

दुसरीकडे कॅलेंडर पुढे सरकत होतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे मुदत डिसेंबर २०२३. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुलाचं म्हणणं सरळ होतं: "बाबा, आता हिच्यावर एक रुपया घालू नका. नवी घेऊ."

तपासणी

चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. हा मिस्त्री गुरुजींच्या ओळखीचा, पण गाडी त्याच्याकडे नेहमी जात नसे. त्याने आधी इंजिनाकडे पाहिलंही नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून पत्रा ठोकत गेला. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की खडूची खूण.

"गुरुजी, इंजिन अजून काही मागत नाही. पण हे बघा," असं म्हणत त्याने डाव्या दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, म्हणजे रनिंग बोर्डच्या, मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि ते आरपार गेलं.

सापडलं ते असं. डाव्या बाजूचा तळ तळहाताएवढ्या जागेत कुजलेला. डाव्या रनिंग बोर्डचं मागचं टोक गेलेलं, कारण त्या पोकळ पट्टीच्या तळाची निचऱ्याची भोकं चिखलाने आणि डांबरी थराने बुजली होती. मागे जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर खड्डे पडलेले. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली छोटा फुगवटा.

आणि काय धड होतं, तेही तितकंच महत्त्वाचं. पुढच्या दोन्ही सस्पेन्शनचे वरचे बुरूज, म्हणजे शॉक अब्सॉर्बर वर जिथे टेकतात त्या जागा, खणखणीत. मागच्या अ‍ॅक्सलच्या जोडणीच्या जागा शाबूत. सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा शाबूत. दरवाजा किंवा मडगार्ड गंजला तर तो बदलता येतो. या तीन जागा गेल्या तर गाडी दुरुस्त करून चालवण्याला अर्थ उरत नाही, कारण धडकेचा किंवा खड्ड्याचा सगळा भार त्याच सोसतात.

सगळ्यांत खटकणारी गोष्ट होती तो काळा थर. गाडी नवी असताना खालून मारलेलं डांबरी कोटिंग. ते काही वर्षांत कडक होऊन तडकतं. तड्यातून पाणी आत जातं, पण थरामुळे बाहेर पडत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो थराला आतून उचलत जातो. वाकून पाहणाऱ्याला मात्र एकसारखा काळा तळ दिसतो. गुरुजींना दर सर्व्हिसिंगला "खाली सगळं ओके" हे उत्तर मिळत होतं ते यामुळेच.

इंजिनाच्या बाजूला दोन गोष्टी निघाल्या. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, २००८ सालचाच होता. ६२,००० किलोमीटर म्हणजे अजून वेळ आहे, असा हिशेब सगळ्यांनी धरला होता; पण रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षांनीही कडक होतं आणि चिरतं. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर नव्हता. पूर्वी कधीतरी गाडी तापली म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. आपल्याकडे हा इलाज सर्रास होतो. त्याने इंजिन तापत नाही हे खरं, पण गावातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेरीत ते पुरेसं गरमही होत नाही. थंड इंजिनाला त्याचा संगणक जास्त पेट्रोल पाजतो, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. कमी चालणाऱ्या गाडीला याचा त्रास जास्त.

समोरचे पर्याय

नवी गाडी हा पहिला. सहा ते सात लाख, जुन्या गाडीचे बदल्यात ५० हजारांच्या आसपास. पेन्शनवर हप्ता नको, हे काकूंचं ठाम मत. मुलगा पैसे द्यायला तयार होता, पण वर्षाला साडेचार हजार किलोमीटरसाठी एवढी रक्कम अडकवणं गुरुजींना पटत नव्हतं. मला इथे गुरुजींचं म्हणणं योग्य वाटतं, तरी एक गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नाही: नव्या गाडीला एअरबॅग असतात, या गाडीला नव्हत्या. जुनी गाडी टिकवण्याची ही खरी किंमत आहे आणि ती उघडपणे मांडायला हवी होती. शेवटी ती वेगळ्या मार्गाने मिटली. लांबच्या प्रवासाला ही गाडी न्यायची नाही असं ठरलं.

चार-पाच वर्षं जुनी गाडी विकत घ्यायची, हा विचार फार टिकला नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडालं तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातली कोणती पुसून-धुऊन बाजारात उभी आहे हे ओळखणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही.

गाडी नोंदणीकृत केंद्रावर भंगारात देऊन प्रमाणपत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळवायची, ही वाट नवी गाडी घेणाऱ्यालाच फायद्याची. ती पहिल्या पर्यायाबरोबर मागे पडली.

उरले दुरुस्तीचे दोन मार्ग, आणि खरा पेच इथे होता. जवळच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने १८,००० सांगितले: भोकांवर पत्र्याचा तुकडा, वर पुट्टी, वर पुन्हा काळं कोटिंग, चार दिवसांत गाडी तयार. चिपळूणच्या मिस्त्रीने ४५,००० च्या पुढचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "आत्ता नाही घेणार काम. दिवाळीनंतर आणा."

निर्णय

पहिला निर्णय थांबण्याचा. भर पावसात पत्रा कापून जोडला आणि रंगवला तर ओलावा रंगाखालीच कोंडला जातो, आणि पोकळ भागात मारलेलं मेण ओल्या पत्र्याला धरत नाही. पण ब्रेकचे पाइप दिवाळीची वाट पाहू शकत नव्हते. म्हणून काम दोन भागांत तोडलं. ब्रेक पाइप आणि ब्रेक ऑइल त्याच आठवड्यात बदललं. वहीत ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची होती. हे द्रव हवेतलं पाणी शोषतं. साध्या डॉट ३ प्रतीचं ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. घाटात उतरताना हा फरक जाणवतो. मॅट, कार्पेट आणि फोम काढून टाकला, वायपरखालच्या वाटा मोकळ्या केल्या, आणि नोव्हेंबरपर्यंत गाडी फक्त गावात, सावकाश, डावी पुढची सीट रिकामी ठेवून चालवायची असं ठरलं.

मधल्या काळातली ही सोय बरी वाटते, पण माझ्या मते ती काठावरची होती. रनिंग बोर्ड हा गाडीच्या ताकदीचा भाग आहे. भोक टोकाला होतं म्हणून चाललं. मधोमध असतं तर गाडी उभीच ठेवायला हवी होती.

दुसरा निर्णय महागडा मार्ग घेण्याचा. तो घेण्याआधी गुरुजींनी मिस्त्रीला एक अट घातली, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते. आधी काळा थर पूर्ण खरवडायचा, मग गुरुजींनी स्वतः येऊन पाहायचं. थराखाली सस्पेन्शनचे बुरूज किंवा अ‍ॅक्सलच्या जागा कुजलेल्या निघाल्या, तर तिथेच काम थांबवायचं, खरवडण्याचे पैसे द्यायचे आणि गाडी भंगारात. खर्चात पाय अडकण्याआधी परतीची वाट अशी ठरवून ठेवली की पुढचा निर्णय डोक्याने घेता येतो. "एवढे घातलेच आहेत तर अजून थोडे" या वाटेने पुष्कळ जुन्या गाड्यांनी मालकांना बुडवलं आहे.

केलेलं काम

नोव्हेंबर २०२२. काळा थर खरवडल्यावर डावा तळ अंदाजापेक्षा दुप्पट जागेत गेलेला निघाला, पण भार सोसणाऱ्या जागा शाबूत होत्या. काम पुढे गेलं.

कुजलेला पत्रा पुरता कापून, चकचकीत धातू लागेपर्यंत मागे जाऊन, नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने, म्हणजे विजेने तार वितळवून, जोडला. ज्योतीच्या गॅस वेल्डिंगनेही जोड बसतो, पण आजूबाजूचा फार मोठा भाग तापतो आणि पलीकडच्या बाजूचा रंग जळून तिथे नवा गंज सुरू होतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवली आणि इंजिनाच्या संगणकाचा कनेक्टर काढून ठेवला. जोडांवर सीलंट, त्यावर जस्ताचा प्रायमर, त्यावर रंग. रनिंग बोर्डसारख्या पोकळ भागात लांब नळीने पातळ मेण फवारलं. ते कडक होत नाही, सांध्यांत झिरपत राहतं. निचऱ्याची सगळी भोकं तारेने मोकळी केली आणि ती पुन्हा बुजणार नाहीत हे पाहूनच वरचा थर दिला.

एका बारीक गोष्टीने पुढचा मोठा घोळ वाचला. पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर गंज चढला होता, आणि तिथे ग्राइंडर फिरवायला पोरगा निघालाच होता. मिस्त्रीने हात धरला. तो नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडी तीच आहे हे सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं. तिथला गंज हाताने, पितळी ब्रशने काढला आणि वर पारदर्शक वार्निश मारलं.

याच वेळी टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील बदलली, कारण मजुरी तीच लागते. नवा थर्मोस्टॅट, आणि रेडिएटरमधलं नळाचं पाणी काढून तयार कूलंट. एकूण खर्च ऑगस्टच्या कामासह ६१,००० रुपये. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा बराच जास्त. त्यातले सुमारे १५ हजार टायमिंग बेल्ट आणि कूलंटच्या कामाचे, जे गंज नसता तरी करावेच लागले असते.

घरी बदललं ते कमी खर्चाचं, पण माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं. ताडपत्री गेली. बंद ताडपत्रीखाली गाडी घाम धरते, आणि वाऱ्याने तीच ताडपत्री रंग घासते. गाडी कलमाखालून हलवून घराच्या बाजूला, तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. मातीची जमीन खालून ओल देते म्हणून तिथे जांभ्याचे चिरे बसवून वर सिमेंटचा कोबा केला. फेरीबोटीने जाऊन आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुणं, कारण भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मॅट उचलून हाताने फोम दाबून पाहणं. आणि दर आठवड्याला एक तरी फेरी अर्ध्या तासाची, इंजिन आणि सायलेन्सर पुरता गरम होईल अशी.

परिणाम

डिसेंबर २०२३ मध्ये आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. निरीक्षकाने सगळ्यांत जास्त वेळ चेसिस नंबरपाशीच घालवला. लिटरमागे १३ किलोमीटरच्या आसपास देणारी गाडी थर्मोस्टॅट बसल्यापासून १५ च्या जवळ गेली. डाव्या तळात तीन पावसाळे उलटून गंज नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उजव्या मागच्या कमानीवरचा छोटा फुगवटा २०२२ मध्ये पैसे वाचवायला नुसता घासून रंगवला होता. तो २०२४ च्या पावसाळ्यानंतर नाण्याएवढा होऊन परत आला. एसीचा कंडेन्सर खाऱ्या हवेने झिजून गळला आणि बदलावा लागला. २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यावर मिस्त्रीने जुन्या रबरी पेट्रोल नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या. इथेनॉल जुनं रबर सुजवतं आणि पाणीही धरतं, त्यामुळे गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर लोखंडी टाकी अर्धी रिकामी ठेवायची नाही, हेही वहीत आलं.

काय वेगळं करता आलं असतं

कुबट वासाच्या पहिल्या नोंदीला कार्पेट उचललं असतं, तर पातेरा काढण्याच्या दहा मिनिटांत डावा तळ वाचला असता. आत ओल आली की ती वाळवण्याआधी तिची वाट शोधायची, हा क्रम इथे उलटा झाला.

सातव्या-आठव्या वर्षी एकदा गाडी लिफ्टवर घेऊन ठोकून पाहायला हवी होती, तीही नेहमीच्या सर्व्हिसिंगपासून वेगळी, फक्त पत्र्यासाठी. ऑइल बदलणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी पत्रा पाहायला वेळ नसतो, आणि कोणी त्याला ते कामही सांगत नाही. नव्या गाडीला किनाऱ्यावर काही मारायचंच असेल तर आधी पोकळ भागांत मेण. तळाचा जाड काळा थर दिला तरी दर दोन वर्षांनी त्याच्या कडा तपासायच्या.

आणि ती कमान नोव्हेंबर २०२२ मध्येच कापायला हवी होती. गाडी तेव्हा तशीही उघडी होती, वेल्डर समोर होता; फार तर चार हजार वाढले असते.

पुढचं ठरलेलं

आताची नोंदणी डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. गाडी तेव्हा २० वर्षांची होईल, आणि त्यापुढच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्येच १०,००० रुपये झालं आहे. गुरुजींनी वहीच्या शेवटच्या पानावर थांबायच्या अटी लिहून ठेवल्या आहेत. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल किंवा सीटबेल्टच्या जागेत गंज आरपार गेला तर त्याच महिन्यात गाडी भंगारात. एका वर्षाची दुरुस्ती ३०,००० च्या वर गेली तर मुलाशी बोलून ठरवायचं. रात्री गाडी चालवणं स्वतःला जड जायला लागलं तर गाडी कितीही चांगली असली तरी विकायची. ही अट काकूंनी घालायला लावली. उजव्या कमानीचं काम येत्या नोव्हेंबरात, पाऊस पुरता गेल्यावर, चिपळूणला द्यायचं आहे.